तीन वर्षं की चार? सीमाभागातल्या मुलामुलींसाठी नर्सिंगचा हिशेब

सेकंड पीयूसीचा निकाल लागला की आमच्या भागात नर्सिंगची चौकशी सुरू होते. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी, खानापूर, बेळगाव, सगळीकडून एकच प्रश्न येतो: "ताई, जीएनएमला घालू का बीएस्सीला?" विचारणारे बहुतेक आईवडील असतात. मुलगी किंवा मुलगा शेजारी उभा राहून ऐकत असतो. म्हणून हा लेख मी मुद्दाम तुम्हा मुलामुलींसाठी लिहिते आहे. रात्रपाळी तुम्ही करायची आहे, तर निवडही तुम्हाला समजून करता आली पाहिजे.

मी मूळची निपाणीची. आई बिड्या वळायची, वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते. २००७ साली जीएनएमला प्रवेश घेतला, काही वर्षं वॉर्डात नोकरी केली, मग पोस्ट बेसिक बीएस्सी केलं आणि आता बेळगावात नर्सिंगच्या मुलांना शिकवते. दोन्ही वाटा चाललेली असल्यामुळे दोन्हींबद्दल बोलण्याचा थोडा हक्क मला आहे.

दोन वाटा म्हणजे नेमकं काय

जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी. हा डिप्लोमा. माझ्या वेळी तो साडेतीन वर्षांचा होता; २०१५ च्या सुमारास अभ्यासक्रम बदलला आणि तो तीन वर्षांचा झाला. बारावी कुठल्याही शाखेतून चालते, आर्ट्स असो की कॉमर्स. इंग्रजी विषयासह किमान ४० टक्के लागतात.

बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं आणि किमान ४५ टक्के. अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सवलत आहे. २०२१ पासून हा अभ्यासक्रम आठ सेमिस्टरचा झाला आहे. देशात नर्सिंगची पदवी सुरू झाली ती १९४६ मध्ये, दिल्ली आणि वेल्लोर इथे. त्याआधी सगळं शिक्षण हॉस्पिटलच्या वॉर्डातच होत असे. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या भारतीय प्रशिक्षणार्थी परिचारिका म्हणून एका मराठी बाईंची नोंद असते. त्या बाई काशीबाई गणपत. १८९१ मध्ये त्या मुंबईत प्रशिक्षणाला आल्या. घराबाहेर पडून परक्या माणसाची जखम धुणं त्या काळात काय असेल, याचा विचार केला की आपल्या अडचणी थोड्या लहान वाटतात.

दोन्ही अभ्यासक्रमांत शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, मेडिकल-सर्जिकल नर्सिंग, बाळंतपण, बालरोग, मानसिक आरोग्य, कम्युनिटी हे विषय आहेत. बीएस्सीत बायोकेमिस्ट्री, औषधशास्त्र, पॅथॉलॉजी, संशोधन आणि सांख्यिकी, व्यवस्थापन, शिकवण्याचं तंत्र हे जास्त खोलात शिकवतात. शेवटी दोघांचीही नोंदणी एकाच नावाने होते: रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ.

पहिल्या दिवशी फरक दिसत नाही

वॉर्डात नव्या आलेल्या दोन सिस्टर उभ्या केल्या, एक जीएनएम आणि एक बीएस्सी, तर पेशंटला काही फरक कळणार नाही. सलाईन दोघी लावतात, इंजेक्शन दोघी देतात, हँडओव्हर दोघी लिहितात. खरं सांगायचं तर पहिल्या सहा महिन्यांत जीएनएमच्या मुलींचा हात कधीकधी जास्त चालतो. सरकारी भरतीतही सुरुवातीचं पद बहुधा एकच असतं. महाराष्ट्रात त्याला अधिपरिचारिका म्हणतात, केंद्रात नर्सिंग ऑफिसर.

फरक दिसायला लागतो तो पाचव्या-सातव्या वर्षी. मी एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत होते. सात वर्षं झाली होती. व्हेंटिलेटरवरचे पेशंट सांभाळत होते, नव्या मुलींना मीच शिकवत होते. युनिट इन्चार्जची जागा निघाली, तेव्हा माझ्याकडेच काम शिकलेल्या, तीन वर्षांनी मागून आलेल्या बीएस्सीच्या मुलीला ती मिळाली. ती मुलगी चांगली होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. मेट्रन मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "काम तुझं चांगलं आहे, पण कागद कमी पडतोय." पीयूसी झाले तेव्हा घरात चार वर्षांची फी भरण्याची ताकद नव्हती, त्यामुळे कागद कुठला घ्यायचा हा प्रश्नच आमच्याकडे आला नव्हता. पण त्या एका वाक्याने मला कळलं की डिप्लोमाने दार उघडतं आणि पुढच्या खोल्यांना वेगळी किल्ली लागते.

त्या खोल्या कुठल्या, तेही सांगते. नर्सिंग कॉलेजात ट्यूटर व्हायचं तर किमान बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक लागतं. एमएस्सी करायची तर पदवी लागते. सैन्याच्या नर्सिंग सेवेत अधिकारी व्हायचं तर पदवी लागते. आमच्या बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, घराघरात फौजी आहेत. पण मुलींनाही सैन्यात अधिकारी म्हणून जाता येतं, हे पुष्कळ घरांत माहीत नसतं. पुण्याच्या एएफएमसीसारख्या सैन्याच्या नर्सिंग कॉलेजांत बीएस्सीचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो.

एम्ससाठी २०२० पासून नॉरसेट ही एकत्रित परीक्षा आहे. तिथे सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९०० रुपये, वर भत्ते. बीएस्सीवाल्यांना नोंदणीनंतर थेट बसता येतं. जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे बंद दार कुणालाच नाही. एकाला उंबऱ्यावर दोन वर्षं थांबावं लागतं इतकंच.

पैशाचा आणि वर्षांचा हिशेब

आईवडील म्हणतात, "तीन वर्षांत पोरगी कमवायला लागेल." हे खरं आहे. पण हिशेब पूर्ण करा.

जीएनएम तीन वर्षं. त्यावर पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षं. एकूण पाच. थेट बीएस्सी चार. पदवी घ्यायचीच असेल तर जीएनएमची वाट एक वर्ष लांबची आहे, आणि मधे नोकरी सोडून पुन्हा वर्गात बसावं लागतं. त्या वेळी लग्न झालेलं असतं, मूल लहान असतं, घराचा हप्ता चालू असतो. माझ्या बॅचच्या किती जणी "दोन वर्षांनी पोस्ट बेसिक करू" म्हणाल्या आणि किती जणींनी खरंच केलं, हे मोजायला हाताची बोटं पुरतील. इग्नूचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्या नर्सेससाठी आहे, तीन वर्षांचा; नोकरी सोडणं अशक्य असेल तर तो जरूर बघावा.

दुसरी बाजूही तितकीच खरी. एका बिडी कामगार आईची मुलगी माझ्याकडे आली होती. आर्ट्स घेतलेली, पाठीवर दोन लहान भाऊ. तिला कुणीतरी सांगितलं होतं की डिप्लोम्याला काही किंमत नाही, बीएस्सीच कर, त्यासाठी पुन्हा सायन्सने बारावी दे. मी तिला म्हटलं, "बाळ, तुझ्यासाठी जीएनएमच योग्य. तीन वर्षांत हातात रजिस्ट्रेशन येईल, घराला आधार होईल, आणि पुढचं दार बंद होत नाही." ती आज नोकरी करते आणि धाकट्या भावाची फी भरते. अशा घरात डिप्लोमा म्हणजे कमी दर्जाचं शिक्षण नव्हे. घर उभं करणारी ती पहिली वीट आहे.

पैशासाठी काही दारं ठोठावायची राहून जातात. बिडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती आहे. आईचं बिडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करता येतो. निपाणी भागात हे ओळखपत्र पेटीत ठेवून विसरलेली घरं मी पाहिली आहेत. कर्नाटकातल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी एसएसपी पोर्टल आहे. बँकेचं शैक्षणिक कर्ज ४ लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज होतो. डिप्लोमा आणि पदवी दोन्हींना कर्ज मिळतं, पण कॉलेज मान्यताप्राप्त असावं लागतं. सावकाराकडून किंवा भिशीतून फी उचलण्याआधी एकदा बँकेत जाऊन या.

दोन राज्यांच्या मधोमध

सातारा-सांगलीच्या मुलीला जो विचार करावा लागत नाही, तो आपल्याला करावा लागतो. निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. कोगनोळीचा नाका ओलांडला की कागल, पुढे कोल्हापूरचं सीपीआर; तिकडे मिरज, जिथे डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभारलं. इकडे बेळगावात केएलईचं मोठं हॉस्पिटल आणि नर्सिंग कॉलेज, शिवाय सरकारी बिम्स. घरापासून अंतर बघून प्रवेश घेतला जातो. पण रस्ता एकच असला तरी कागद दोन राज्यांचे आहेत.

कर्नाटकात बीएस्सी नर्सिंग बहुतेक ठिकाणी राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. केएलईसारख्या अभिमत विद्यापीठाचा कारभार वेगळा. सरकारी कोट्यातल्या जागांसाठी केसीईटी द्यावी लागते. जीएनएमची परीक्षा राज्याचं डिप्लोमा बोर्ड घेतं. नोंदणी बेंगळुरूच्या कर्नाटक नर्सिंग कौन्सिलमध्ये. महाराष्ट्रात बीएस्सी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, प्रवेशासाठी नर्सिंगची स्वतंत्र सीईटी, नोंदणी मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये.

महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद असते. त्यासाठी शाळेचे दाखले, दहावी-बारावी सीमाभागातून झाल्याचा पुरावा, मातृभाषेचा दाखला अशी कागदपत्रं जमवावी लागतात. सीईटी सेलच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत नर्सिंगचं पान उघडून ही अट आधी वाचा आणि निकालाची वाट न बघता कागद तयार ठेवा. आणखी एक: एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्यात आरक्षणासाठी चालत नाही. कर्नाटकात मराठा समाज ३बी प्रवर्गात आहे, म्हणून कोल्हापुरातही सवलत मिळेल, असं धरून चालू नका.

मान्यतेचा मुद्दा तर फार महत्त्वाचा. कर्नाटकातल्या नर्सिंग कॉलेजांना इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता लागते की राज्य कौन्सिल आणि विद्यापीठाची पुरे, हा वाद २०१७ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्या काळात कर्नाटकात शिकणाऱ्या मुलांच्या घरी झोप उडाली होती, कारण राज्याबाहेर नोंदणी होणार की नाही हाच प्रश्न होता. ज्याला बेळगावातच राहायचं आहे त्याला याचं फारसं काही वाटणार नाही. पण पुण्यात, गोव्यात किंवा आखातात जायचं मनात असेल, तर प्रवेशाआधीच विचारा: या कॉलेजच्या मुलांची नोंदणी महाराष्ट्रात बदलून मिळाली आहे का? मागच्या दोन-तीन बॅचच्या मुलांचे फोन नंबर मागा आणि त्यांनाच विचारा.

भाषेचंही सांगते. कर्नाटक सरकारच्या नोकरीसाठी कन्नड यावं लागतं. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना याचं दडपण येतं. पण बेळगावच्या वॉर्डात एका खाटेवर खानापूरची मराठी आजी, शेजारी गोकाकचे कन्नड आजोबा, पलीकडे गोव्याहून आलेली कोंकणी बाई आणि दाराजवळ उर्दू बोलणारं कुटुंब असतं. "कुठं दुखतंय?" आणि "एल्लि नोवु?" दोन्ही विचारता येणारी सिस्टर डॉक्टरांनाही हवी असते. घराबाहेर खेळताना शिकलेलं कन्नड लिहायलाही शिका. भाषेच्या प्रश्नावर आपली मतं काहीही असोत, दुखणाऱ्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलता येणं हे आपल्या भागातल्या नर्सचं खास बळ आहे.

बाहेरच्या जगात काय चाललंय

हाच प्रश्न अमेरिकेतही आहे. तिथे दोन वर्षांची असोसिएट पदवी आणि चार वर्षांची बॅचलर पदवी अशा दोन वाटा आहेत. दोघांनाही एनक्लेक्स ही एकच परीक्षा द्यावी लागते आणि परवानाही एकच मिळतो. तरी २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा केला की नव्या नर्सने परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांच्या आत बॅचलर पदवी घ्यावी. म्हणजे डिप्लोम्याने सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. मला तो कायदा फार शहाणपणाचा वाटतो.

यामागे अभ्यासही आहेत. लिंडा एकेन यांच्या गटाने २००३ मध्ये अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचा अभ्यास केला. शस्त्रक्रियेच्या पेशंटांकडे बघणाऱ्या नर्सेसमध्ये पदवीधरांचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलं, तर तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता पाच टक्क्यांनी कमी दिसली. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासात तो आकडा सात टक्के आला. ते देश वेगळे, तिथले वॉर्ड वेगळे. आकडा जसाच्या तसा आपल्याला लावता येणार नाही. पण जास्त शिकलेली नर्स पेशंट बिघडतोय हे लवकर ओळखते, हे मी आयसीयूत पाहिलं आहे. शिक्षणाचा फायदा नुसत्या पगारापुरता राहत नाही, तो खाटेवरच्या माणसापर्यंत पोचतो.

परदेशी जायचं असेल तर ऑस्ट्रेलियासारख्या देशात नोंदणीसाठी पदवीच्या तोडीची पात्रता अपेक्षित असते. आखाती देशांत आणि ब्रिटनमध्ये जीएनएम झालेल्या कितीतरी भारतीय नर्सेस काम करत आहेत, पण अनुभव, परीक्षा आणि इंग्रजी तिन्ही लागतं.

आपल्या देशातल्या खाजगी पगाराबद्दलही उघड बोललं पाहिजे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली की ५० खाटांपेक्षा लहान हॉस्पिटलातही नर्सला किमान २०,००० रुपये मिळावेत. ती शिफारस अजून पुष्कळ नर्सिंग होमच्या पायरीवरच उभी आहे. पदवी असली तरी लहान हॉस्पिटलात सुरुवातीचा पगार निराश करू शकतो, हे मनाशी धरून या क्षेत्रात या.

प्रवेश घेण्याआधी

पहिली गोष्ट, नाव "नर्सिंग" असलं म्हणजे नर्सिंग नसतं. स्टँडच्या भिंतींवर "सहा महिन्यांत नर्सिंग, नोकरीची हमी" असे बोर्ड दिसतात. हे पेशंटची देखभाल करणाऱ्या मदतनीसाचे कोर्स असतात. ते काम सन्मानाचं आहे, पण त्यातून नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीशिवाय तुम्ही नर्स नाही. फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: "कोर्स झाल्यावर माझं नाव राज्य नर्सिंग कौन्सिलमध्ये लागेल का?" उत्तर देताना समोरचा अडखळला तर उठून या.

दुसरी, कॉलेजची इमारत बघू नका, हॉस्पिटल बघा. नियमाप्रमाणे कॉलेजचं स्वतःचं किमान १०० खाटांचं हॉस्पिटल हवं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट हवेत. दुपारी अकरा-बाराला वॉर्डात चक्कर मारा. खाटा रिकाम्या असतील तर तुमचं पोरगं पुतळ्यावरच इंजेक्शन शिकणार आहे. रिकाम्या खाटांच्या बीएस्सीपेक्षा भरलेल्या वॉर्डातलं जीएनएम कितीतरी पटीने चांगलं.

तिसरी, मूळ कागदपत्रं कुणाकडे ठेवू नका. मार्कलिस्ट अडकवून मुलांना थांबवून ठेवणारी ठिकाणं आहेत. पडताळणी झाली की परत मागा, नाहीतर निदान पावती घ्या.

चौथी, मुलग्यांसाठी. "ब्रदर" म्हटलं की आपल्याकडे अजून हसतात. हसू द्या. आयसीयू, ऑपरेशन थिएटर, अपघात विभाग, मनोरुग्ण विभाग इथे मुलग्यांना मागणी आहे. लष्करी नर्सिंगचा बीएस्सी प्रवेश मात्र फक्त मुलींना आहे, तेवढं लक्षात ठेवा.

मग मी काय सांगते

बारावीला सायन्स झालंय, ४५ टक्क्यांच्या वर गुण आहेत आणि कर्ज-शिष्यवृत्ती धरून चार वर्षं निभावता येतात, तर बीएस्सीच करा. एका वर्षाच्या पगारासाठी पुढच्या तीस वर्षांची दारं अरुंद करू नका. विशेषतः मुलींच्या आईवडिलांना सांगते, लग्नाच्या घाईपायी चार वर्षांचं तीन करू नका.

आर्ट्स-कॉमर्स झालंय किंवा घराला लवकर हातभार लागणार आहे, तर मान वर करून जीएनएम करा. फक्त पोस्ट बेसिक कुठल्या वर्षी करायचं ते आजच ठरवा, आणि ते नुसतं मनात ठेवू नका, घरात सगळ्यांसमोर बोलून ठेवा. नोकरी लागली की दर महिन्याला थोडे पैसे त्या नावाने बाजूला टाका. होणाऱ्या सासरीही आधी सांगा. ज्यांनी असं ठरवून ठेवलं, त्यांचं पोस्ट बेसिक झालेलं मी पाहिलं आहे.

आणि आपल्या मंडळाच्या ज्या घरांत नर्सिंगचा विषयच निघत नाही, कारण "आपल्या घरातली मुलगी दुसऱ्याचं बेडपॅन उचलणार का" असं वाटतं, त्या घरांना एकच विचारावंसं वाटतं. तुमच्या आईच्या ऑपरेशननंतर रात्री तीनला तिची नाडी कोण बघत होतं? ती कुणाची तरी शिकलेली लेकच होती.